अर्धी विण आणि अखंड सूत

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥



या महिन्याच्या निरूपणास जो विषय घेतला आहे तो वाचून कित्येकांस नवल वाटेल. विषय लोकरीच्या विणकामाचा आहे, आणि त्यातही अर्ध्यावर टाकून दिलेल्या विणकामाचा. कोणी विचारील, "काय हो महाराज, नामाचा महिमा सांगायचा सोडून सुया आणि लोकर कुठून काढली?" यावर आमचे उत्तर इतकेच की, आपल्या संतांनी परमार्थ सांगितला तो घरातल्या, मळ्यातल्या आणि दुकानातल्या वस्तू हाती घेऊनच सांगितला. नामदेवराय शिंपी, गोरोबाकाका कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना महाराज न्हावी. कातर, चाक, खुरपे, हातोडी, वस्तरा ही या मंडळींची पूजेची उपकरणेच होती म्हणा ना. जनाबाईने तर देवाला जात्याशी आणून बसविले. मग सुईनेच काय पाप केले आहे?

आणि लोकर म्हणाल तर ती वारकऱ्याला मुळीच परकी नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या खांद्यावर जे घोंगडे असे ते दख्खनच्या मेंढीच्या लोकरीचे. सणगर मंडळी ते मागावर विणीत, सुताला चिंचोक्याची खळ देत. पाऊस आला की तेच डोक्यावर, रात्र झाली की तेच अंगाखाली. आजही तुकोबारायांची पालखी बारामतीजवळ काटेवाडीस पोहोचते तेव्हा धनगर बांधव आपल्या मेंढ्या पालखीभोवती धाववितात. मेंढ्यांचे ते रिंगण ज्यांनी पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे की, त्या मुक्या जीवांच्या पाठीवरची लोकरसुद्धा पालखीला प्रदक्षिणा घालून येते.

घोंगडे मागावर होते. त्यात उभे सूत निराळे, आडवे सूत निराळे. सुयांवरचे विणकाम मात्र एकाच धाग्याचे असते, आणि हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सारा भार याच गोष्टीवर आहे. सुईवर टाके घालावयाचे, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असे करीत एकाच धाग्याच्या फाशात दुसरा फासा अडकवीत जावयाचे. वरच्या टाक्याने खालच्याला धरून ठेवावयाचे. शेवटी टाके बंद केले म्हणजे वस्तू पुरी झाली. टाके बंद होईपर्यंत तिला भरवसा नाही. सुई निसटली, धागा ओढला गेला, की महिनाभराची मेहनत घटकेत पुन्हा नुसता धागा होते.

घोंगड्याचा मुलूख घाटावरचा. आता दृष्टांतासाठी घाट उतरून समुद्राकाठी येऊ. पालघर जिल्ह्यात वसईजवळ पापडी म्हणून गाव आहे. गावाला तळे आहे. आसपास केळीच्या बागा, फुलांच्या वाड्या. वसई धर्मप्रांताचे मुख्य चर्च याच पापडीत, आणि पलीकडे निर्मळला शंकराचार्यांची समाधी म्हणून मानलेले स्थान. आळंदीस कार्तिकी एकादशीचा सोहळा चालतो तेव्हा त्याच कार्तिक वद्य एकादशीपासून निर्मळला यात्रा भरते. आता समुद्राकाठच्या गावात थंडी ती कितीशी असणार? घाटावरची हुडहुडी तिथे नाही. म्हणून लोकरीचे विणकाम तिथे गरजेपेक्षा हौसेचे. बारशाला टोपरे, बाप्तिस्म्याला टोपरे. पहाटेची लोकल धरणाऱ्याला मफलर, म्हाताऱ्या माणसाला कानटोपी. हौस वाईट, असे आमचे म्हणणे नाही. हौसेत प्रेम असते. पण हौसेचा एक स्वभाव असा आहे की, तिला आरंभ फार आवडतो.

अशा या पापडीत एक माउली आहे असे धरून चाला. नाव कशाला हवे? दृष्टांताच्या माणसाला नाव नसते. त्यात आपण आपापले नाव घालावयाचे असते. या माउलीच्या कपाटात पाच गाठोडी आहेत आणि पाचही गाठोड्यांत अर्धे काम आहे.

पहिल्यात नातवाचे टोपरे. सुनेला सातवा महिना लागला तेव्हा घातलेले. नातू आता अंगणात पळतो. टोपरे शेंड्यापाशी थांबले ते थांबलेच, आणि उद्या पुरे झाले तरी त्या डोक्याला यायचे नाही.

दुसऱ्यात यजमानांचा बिनबाह्यांचा स्वेटर. पाठ झाली, पोट झाले, गळा राहिला. गळ्याला टाके मोजून कमी करावे लागतात, तिथे डोके चालवावे लागते. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा गुंडाळून ठेविले.

तिसऱ्यात जाऊबाईंची शाल. निम्म्यात लोकर संपली. त्याच रंगाचा गुंडा वर्षाने आणला तर छटा जुळेना, कारण लोकर ज्या लॉटची असते त्याच लॉटची घ्यावी लागते. एका वेळी रंगविलेली लोकर आणि दुसऱ्या वेळी रंगविलेली लोकर डोळ्यांना सारखी दिसते, पण विणल्यावर फरक उघडा पडतो. शिवाय वर्षाने हातही बदलतो. तेव्हा सैल पडणारा टाका आता घट्ट पडतो.

चौथ्यात एक पायमोजा. एकच. हा मोजा पुरा आहे बरं का! पण एका मोज्याने कोणाचे पाय झाकतात? पहिला विणताना नवलाई होती, दुसरा विणताना नुसती उजळणी.

आणि पाचव्यात सासूबाईंची कानटोपी. सासूबाई वारीच्या. आषाढात निघताना एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, पाऊस लागला की कान ठणकतात. काही विणून दे." माउलीने त्याच संध्याकाळी टाके घातले. चार बोटे विण झाली. मग घरात लग्न निघाले, मग पाहुणे आले, मग शेजारणीकडची शालीची नवी नक्षी पाहिली. त्या आषाढाला टोपी झाली नाही. पुढल्या आषाढाला झाली नाही. तिसऱ्या आषाढाच्या आधी सासूबाई गेल्या. सुया अजून त्या टोपीत तशाच आहेत.

एवढे असता परवा बाजारातून सहाव्या कामाची लोकर आली. सुया सगळ्या जुन्या कामांत अडकलेल्या, म्हणून नव्या सुयाही आल्या!

हसू नका. आपलेही कपाट उघडून पाहू या. चातुर्मासात ज्ञानेश्वरीच्या वाचनास बसलो, सहाव्या अध्यायापर्यंत पोहोचलो. तिथे योगाचा विषय आला, जड वाटला, खूण घालून पोथी ठेविली. ती खूण अजून तिथेच आहे. हा आपला गळ्यापाशी अडलेला स्वेटर. पाच वर्षे वारी करीन असे बोललो. पहिल्या वर्षी गावाने हार घातला, दुसऱ्या वर्षापासून सवड होईना. हा एकटा पायमोजा. सप्ताहात कीर्तन ऐकले की रोज हरिपाठाचा नेम, दुसरे कीर्तन ऐकले की विष्णुसहस्रनामाचा नेम, तिसरे ऐकले की मौनाचा. नेमावर नेम, आणि एकाचेही टाके बंद नाहीत. आणि म्हाताऱ्या आईला "औंदा तुला पंढरीला नेतो" म्हणून दिलेला शब्द? ती कानटोपी कोणाकोणाच्या घरात आहे ते ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

असे का होते? आरंभाला सगळे जग टाळ्या देते आणि शेवटालाही देते. मधल्या ओळींना कोणी टाळी देत नाही. विणकामात मधल्या ओळी फार असतात. उलट, सुलट, पुन्हा उलट, पुन्हा सुलट. काल होते तेच आज. वारीतही आळंदीचे प्रस्थान डोळे भरून पाहण्यासारखे आणि वाखरीहून पंढरीत शिरणे हे तर सुखाचे सुख. पण या दोहोंच्या मध्ये नुसते चालणे असते. भेगाळलेले पाय, ओले कपडे, पालावरची झोप. वारकरी घडतो तो त्या मधल्या मजलांत.

भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हेच सांगितले आहे की, निश्चयाची बुद्धी एक असते आणि ज्याचा निश्चय नाही त्याच्या बुद्धीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात, अंत लागत नाही. माउलीची पाच गाठोडी म्हणजे पाच फाटे. गंमत अशी की पाचही फाटे चांगल्या हेतूचे आहेत. एकही काम वाईट नाही. मनुष्य वाईट कामांनी जितका विखुरतो त्याहून अधिक चांगल्या कामांनी विखुरतो, कारण चांगल्या कामाला नाही म्हणावयास जीभ धजत नाही.

इथे कोणी शंका काढील की, प्रपंची माणसाच्या हाती एका वेळी एकच काम कसे राहील? चूल आहे, मुलांची शाळा आहे, दुखणीबाणी आहेत. आणि विणणाऱ्या बायका म्हणतील, "महाराज, दोन कामे तर लागतातच. लोकलच्या गर्दीत नक्षीची शाल काढता येत नाही. तिथे सरळ विणीचा मफलरच बरा. नक्षीचे काम दुपारी घरी, डोके शांत असताना." ही शंका योग्य आहे, आणि आम्ही म्हणतो, दोन ठेवा, तीन ठेवा. देव कामे मोजीत बसत नाही. गोरोबाकाकांच्या वाड्यात एका वेळी एकच मडके नसे. काही चाकावर, काही वाळत, काही भट्टीत. पण कोणते मडके कुठवर आले आहे आणि ते कोणाच्या घरी जावयाचे आहे, हे कुंभाराला ठाऊक असते.

म्हणून कसोटी अशी. कपाटातले कोणतेही गाठोडे उचला आणि दोन प्रश्न विचारा. हे कोणासाठी आरंभिले होते? आणि याची पुढली ओळ कोणती? दोन्ही उत्तरे चटकन आली तर ते काम जिवंत आहे. दहा दिवस थांबले काय, दोन महिने थांबले काय, काही बिघडले नाही. पुढली ओळ विसरली तर काम निजले आहे, कोणा जाणत्याला विचारून जागे करता येईल. पण ज्याच्यासाठी आरंभिले तोच मनातून गेला असेल, तर मात्र त्या गाठोड्यात विण नाही, नुसती अडगळ आहे. अर्धे राहणे हा मोठा दोष नव्हे. ज्याच्यासाठी हाती घेतले त्याचा विसर पडणे हा दोष.

आता नाथबाबांकडे पाहा. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या घरी हिशेब लिहिताना एका दिडकीची चूक लागेना, तेव्हा नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजविली, आणि गुरूंनी ओळखले की हेच चित्त हरीकडे लागले तर काय होईल! ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहो. त्याच नाथांनी एकादश स्कंधावरील टीका पैठणास आरंभिली आणि पुढे काशीस शके १४९५ मध्ये पुरी केली. मध्ये गाव बदलले, विरोध झाला, पण धागा तुटला नाही. एकतीस अध्यायांचे टाके त्यांनी बंद केले.

हे सांगून आम्ही इथेच थांबलो तर नाथांचे चरित्र अर्धेच सांगितल्यासारखे होईल. नाथांचे भावार्थ रामायण त्यांच्या हातून पुरे झाले नाही. युद्धकांड चालू होते आणि शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी देह ठेविला. तीच आपली नाथषष्ठी. पुढले रामायण गावबाने पुरे केले. परंपरा सांगते की हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या वाड्यात आलेला पोर. मंत्र सांगितला तर तो त्याच्या जिभेवर बसेना. तो एवढेच म्हणे, "एकनाथ". ज्याला चारचौघांनी वेडसर म्हणून सोडून दिले होते त्याच्या हातून गुरूचे अर्धे राहिलेले काम सिद्धीस गेले.

पाहा कशी गोष्ट आहे! एकाग्रतेत नाथांसारखा दुसरा कोण? तरी त्यांचेही एक काम सुईवरच राहिले. म्हणजे अर्धे राहणे दोन प्रकारचे आहे. एक आपल्या चंचलपणाने राहिलेले आणि दुसरे काळाने हातातून काढून घेतलेले. पहिल्याची लाज वाटली पाहिजे. दुसऱ्याची लाज वाटून घेऊ नये. ते पुढल्या हातासाठी ठेविलेले असते. नाथांनी धागा तोडला नव्हता, म्हणून गावबाला धागा सापडला.

अर्जुनाच्या मनातही हीच भीती होती. सहाव्या अध्यायात तो देवाला विचारतो की, श्रद्धेने या वाटेला लागला पण वाट पुरी होण्याआधीच ज्याचे मन ढळले किंवा आयुष्य सरले, त्याचे काय होते? फुटलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा विरून जातो काय? भगवंत त्यावर किती मायेने उत्तर देतात! बाबा रे, भले करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही. तो चांगल्या घरी जन्म घेतो आणि जिथे सोडले होते तिथून पुढे विणू लागतो. विणण्याचा शब्द आमचा, पण अर्थ भगवंतांचा. ज्ञानोबामाउलींनी ज्ञानेश्वरीत या प्रसंगाचे जे विवरण केले आहे ते आपण सर्वांनी एकदा सावकाश वाचावे. ज्यांची खूण सहाव्या अध्यायात अडकून राहिली आहे त्यांनी तर अवश्य वाचावे. आणखी थोडीच पाने पुढे गेले असते तर त्यांच्याचसाठी लिहिलेले उत्तर त्यांस मिळाले असते!

मात्र हा दिलासा आळशाने उशीला घेऊ नये. देव पुढल्या जन्मी धागा हाती देतो हे खरे, पण सासूबाईंचे कान या आषाढात ठणकत होते. देवाला घाई नाही. माणसांना असते, कारण माणसे जाणारी आहेत.

मग पापडीच्या माउलीने काय करावे? आम्हांला सुचते ते सांगतो. ते आपल्या नेमांनाही लागू आहे.

शालीची आणि टोपऱ्याची लोकर तिने सरळ उसवून टाकावी. उसवणे म्हणजे हार नव्हे. एकाच धाग्याची विण असल्यामुळे उसवली तर सगळा धागा परत मिळतो, कणही वाया जात नाही. उसवलेली लोकर वेटोळी राहते, तिला जुन्या विणीची सवय असते. तिची लडी करावी, कोमट पाण्यात भिजवावी, पाणी हलके दाबून काढावे आणि टांगून ठेवावी. हळूहळू ती सरळ होते. आपल्याला न झेपणारे नेम असेच मोकळे करावे. आपल्या फडावरच्या वडीलधाऱ्या महाराजांपाशी जावे, हात जोडून सांगावे की, अकरा नेम धरले, एकही निभत नाही. ते एक सांगतील. तो एक धरावा. मोकळ्या झालेल्या मनालाही काही दिवस वेटोळी राहतील. नामाच्या पाण्यात भिजू द्यावे.

स्वेटरचा गळा तिने जाणतीला विचारून पुरा करावा. मोज्याला जोड विणावी, कंटाळा येत असला तरी विणावी. नेमात एखादा दिवस चुकला तर तो निसटलेल्या टाक्यासारखा समजावा. निसटलेला टाका तसाच ठेविला तर खालच्या ओळी एकामागून एक सुटत शिडी पडते. तिथल्या तिथे उचलून घेतला तर कोणाला कळतसुद्धा नाही. एक एकादशी चुकली म्हणून व्रत सोडू नये. पुढली एकादशी पंधरा दिवसांवर आहे, तिला टाका उचलावा.

आणि ती कानटोपी? ती तिने सगळ्यांत आधी हाती घ्यावी. रडू येईल. येऊ द्यावे. चार बोटे विण सासूबाई असतानाची, पुढली विण त्या गेल्यानंतरची. हात बदललेला आहे, टाका जुळणार नाही, तो जोड दिसेल. दिसू द्यावा. टाके बंद करावे आणि पुढल्या ज्येष्ठात, पालख्या निघण्याच्या सुमारास, दिंडीत जाणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या कानांवर ती टोपी आपल्या हाताने चढवावी. सासूबाई गेल्या, पण वारी कुठे गेली आहे? पाऊसही तोच आहे आणि कानही कोणाचे तरी ठणकणारच आहेत. ज्याच्यासाठी आरंभिले तो देह गेला तरी त्याच्या आतला विठ्ठल दुसऱ्या कानांनी टोपी मागतो आहे, एवढे ओळखले की कोणतेच काम कायमचे अर्धे राहत नाही.

शेवटी एकच गोष्ट सांगून ही सेवा पुरी करितो. टाके बंद केल्यावर धाग्याचे टोक बाहेर लोंबत राहते. जाणती बाई ते टोक सुईने आतल्या बाजूस ओवून लपविते. ते टोक उघडे ठेविले तर दिसायला वाईट, आणि कोणी ओढले तर विण सैल होते. आपल्या हातून एखादा नेम, एखादी वारी, एखादी सेवा पुरी झाली की "मी केले" हे टोक बाहेर लोंबू लागते. ते आत ओवावे. वस्तू ज्याची त्याला देऊन टाकावी, सुया मोकळ्या कराव्या, आणि मग खुशाल पुढल्या कामाचे टाके घालावे.

बोला, पुंडलीक वरदा हारी विठ्ठल!